पोचट दाणे

पेरणीआधी मी ताईकडे गेले होते. भाताचं बियाणं निवडण्यासाठी तिने बादलीभर पाण्यात मीठ विरघळवलं आणि त्यात एक अंडं सोडलं. ते तरंगलं तेव्हा पाणी पुरेसं जड झालं म्हणाली, आणि तिने दाणे ओतले. भरलेले दाणे तळाशी गेले. पोचट दाणे वर आले, कारण त्यांच्यापेक्षा पाणीच जड होतं.

ताईची मुलगी नंदा हिवाळ्यात तापाने गेली. विशीतली पोर. तेव्हापासून भेटेल तो ताईला म्हणतो, "सावरलीस हो!" त्या सकाळी मीही तेच म्हणाले होते.

ताईने ओंजळभर पोचट दाणे माझ्यापुढे धरले. "बघ, टरफल तेच, रंग तोच. पोत्यात असते तर ओळखले असतेस?"

"नाही गं."

"मग मी सावरले, हे कशावरून ओळखलंस?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, धरलाही नाही. दाणे तिने अंगणात फेकले. कोंबड्या धावत आल्या, एकेक दाणा टोचून पाहिला आणि तसाच टाकून निघून गेल्या.