चुनखडीवरचा आंबा

पारुबाईच्या तांड्यात आंब्याचं एकही झाड नव्हतं. लग्न निघालं की तोरणाचा डहाळा मागायला डोंगरकड्याच्या वाटेवरच्या मळ्यात जावं लागे. मळेवाला द्यायचा, पण आधी ऐकवायचा, "दरसाल येता. एखादं झाड लावता येत न्हाई व्हय तुमाला?" हे पारुबाईच्या मनाला लागलं. साल १९९३, लेक पुजा नऊ वर्षांची. तिच्या लग्नाला तोरण आपल्याच झाडाचं, असं तिनं ठरवून टाकलं.

रान बरड. हातभर माती, खाली चुनखडीचा पांढरा थर. तिनं आंब्याचं कलम लावलं. शेजारी मडकं पुरलं, त्याच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात बसवली, आणि हापशावरून रोज घागरभर पाणी आणून ओतलं. कलम तरारलं. एप्रिलात हापसा आटला आणि आठ दिवसांत ते वाळून गेलं. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्यानं दोन उन्हाळे काढले आणि मग मान टाकली. संतापून तिनं ते उपटलं, तर मडक्यासकट वर आलं. मुळ्यांनी मडक्याला जाळीसारखा वेढा घातला होता. खाली एकही गेली नव्हती.

"मी रोज पाणी पाजून राहिले, अन् हे मेलं मडक्यालाच धरून बसलं!"

नवरा अमरसिंग हसला. "आयतं मिळाल्यावर खाली काहून जाईल ते?"

"मग बांधावरच्या लिंबाला कोन पाजतं?"

तो कडुलिंब भर उन्हात हिरवागार होता. रागारागानं तिनं कुदळ घेतली आणि त्याच्या एका मुळाच्या कडेनं उकरत गेली. चुनखडीवरून चार हात आडवं धावून ते एका भेगेशी वळलं होतं आणि चपटं होऊन आत शिरलं होतं. तिनं भेगेत बोट घातलं. मे महिन्यात आतली माती गार होती, ओलसर.

पावसाळ्यात त्याच भेगेच्या दुसऱ्या टोकाला तिनं कोया खोचल्या. या वेळी मडकं नाही. दोन उगवल्या, एक शेळीनं खाल्ली. उरलेल्या रोपापाशी ती भरली घागर घेऊन जाई आणि तशीच परत आणी.

"वाळवून मारतीस का त्याला?" अमरसिंग विचारी.

"गप बसा तुमी."

रोप मेलं नाही, पण वाढेही ना. वर दोन पानं यायला सहा महिने. खाली काय चाललंय ते कुणाला दिसतं? पारुबाई नुसती धुसफुसायची.

२००३च्या मार्चात पुजाचं लग्न ठरलं. झाड गुडघ्याएवढं, पानं मोजून पंचवीस.

"याडी, घे की तोडून," पुजा आईला म्हणाली. "माझ्यासाठीच लावलंस ना?"

पारुबाईनं एक पान चिमटीत धरलं आणि सोडून दिलं. "सगळा उन्हाळा पुढं हाय. कशावर काढील ते?"

ती आखाडा बाळापूरच्या बाजारातून पानांची जुडी घेऊन आली. दुपारपर्यंत पानं मलूल झाली होती. दाराला तोरण बांधताना ती पाव्हण्यांदेखत पुटपुटत होती, "दहा साल! अन् शेवटी बाजारची पानं!"