खुर्चीवरचा तेलाचा डाग

चंद्रपुरातल्या त्या संमोहनवाल्याच्या खोलीत मला आधी दिसला तो खुर्चीच्या उशीवरचा डाग. किती डोक्यांचं तेल त्यात मुरलं होतं कोण जाणे. वर मोगऱ्याचा स्प्रे मारलेला.

माझी नात नर्सिंग शिकते. लिहायला पक्की, पण परीक्षक समोर बसले की तिचा गळाच बंद होतो. तोंडी परीक्षा जवळ आलेली. त्यात नापास झाली की वर्ष गेलं. कॉलेजातल्या मॅडम मोठ्या दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईकडे जा म्हणत होत्या. तिच्या मैत्रिणीनं मात्र हा माणूस सुचवला, लवकर गुण येतो म्हणून. त्यामुळे गोंडपिपरीहून बसनं आम्ही इथे.

तो ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला, "ताई, डोळे मिटायचे आणि मी सांगीन ते मनात उतरू द्यायचं. आजी, तुम्ही बाहेर बसा."

"काऊन? मी का तिच्या मनात आडवी पडून राह्यली?"

तो हसला. दात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं रंगलेले. आणि मला तो दुसरा आठवला.

नवी सून होते तेव्हा मीही अशीच मुखदुर्बळ. हळदीकुंकवाला बायांनी 'नाव घे' म्हटलं की मी खांबामागे. सासूनं ठरवलं, हिला बाहेरचं लागलं. जंगलाकडच्या गावात एका झाडफूकवाल्याकडे नेलं. त्यानं खर्रा चघळत गडव्यातल्या पाण्यात फुंकर मारली. पाण्यावर त्याची लाळ तरंगत होती, सुपारीच्या कणांसकट. आणि त्या गाढवीनं, म्हणजे मी, ते डोळे मिटून घटाघटा प्यायलं. वर सासूला सांगितलं, "मले हलकं वाटून राह्यलं." हलकं कसलं डोंबलाचं. नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून गिळलं.

पुढच्या हळदीकुंकवाला नाव घ्यायला उभी राहिले आणि तिळगुळाच्या ताटात ओकले. बाधा निघाली म्हणून सासूनं नारळ फोडला. नवऱ्याचं नाव काही निघालं नाही. ती चव मात्र अजून कधीमधी जिभेवर येते.

"चला ताई, पडा खुर्चीवर," संमोहनवाला म्हणाला.

नात उशीकडे पाहत राहिली. मनात म्हटलं, झालं, आता ही पण पिणार. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझा पदर ओढला.

"आजी आत बसेल," ती पुटपुटली.

"काय?" त्यानं विचारलं.

"आजी आत बसंल. नाई तं मी नाई बसत." फरशीकडे बघून बोलली, पण बोलली.

"मग गुण येणार नाही."

"मग राहू द्या."

आम्ही जिना उतरू लागलो. ओढणीला ओले तळवे पुसत म्हणाली, "आजी, त्या डॉक्टरीणबाईकडे जाऊ. पण तिथं पण असंच असलं तं?"

"आधी उशी पाहू," मी म्हटलं.