मोजणीकाका आणि तो डावखुरा

मोजणीकाका बेसबॉलची मॅच बघायला बसले की त्यांना सगळं दिसायचं, फक्त बॉल दिसायचा नाही. खरंच! स्क्रीनवर एकोणीस वर्षांचा पोरगा जीव तोडून बॉल टाकतोय, समोरचा बॅट फिरवतोय, लोक ओरडतायत, आणि काका म्हणणार, "तो मागचा खांब पाहिला का? डावीकडं कलला आहे थोडा." पहिले दोन आठवडे मला वाटत होतं की काकांना ही नोकरी चुकून मिळालीये.

नोकरी काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये बसून कसला आलाय बेसबॉल. तर अमेरिकेतल्या मोठ्या क्लबच्या मेन टीमखाली चार-पाच छोट्या टीम्स असतात. अठरा-वीस वर्षांची पोरं तिथे ठेवायची, वाढवायची, जमली तर वर पाठवायची, नाही जमली तर घरी. ह्या सगळ्याला ते लोक फार्म म्हणतात. अशाच एका क्लबसाठी आमची दहा जणांची कंपनी रिपोर्ट लिहिते. तिकडे संध्याकाळी मॅच होते, आम्ही सकाळी ऑफिसला येऊन तिचा व्हिडिओ बघतो, आणि ते उठून कॉफी करेपर्यंत प्रत्येक पोराचे मार्क त्यांच्या इनबॉक्समध्ये. वीस ते ऐंशी मार्क, पन्नास म्हणजे ठीकठाक. आणि प्रत्येकाला दोन आकडे द्यायचे. आज कसा आहे, आणि पुढे कसा होईल.

तो दुसरा आकडा लिहिताना मला जाम भारी वाटायचं. वीकेंडला वॉटफर्डला जाऊन आईकडून आठवड्याची भाजी फ्रोझन करून आणणारी मी, आणि फ्लोरिडातल्या कुणाचं तरी भविष्य ठरवतेय! एकदा मी मोठ्या थाटात एकाला 'पुढे पासष्ट' दिले, तर शेजारून काका म्हणाले, "काऊन रेवा, पत्रिका पाहून राहिली का त्याची?"

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी सरकारी भूमापक होते, म्हणजे गावोगाव जाऊन शेतं मोजायची, हद्दी दाखवायच्या, भांडणं ऐकायची. काकू नर्स, त्यांना इकडे नोकरी मिळाली म्हणून दोघं आले, आणि काकांनी मग इथे वीस वर्षं रेल्वेचे रूळ मोजले. रिटायर झाले आणि तिसऱ्या महिन्यात काकूंनी सांगितलं की घरातले पडदे मोजणं थांबवा आणि बाहेर कुठेतरी जा. आमचा बॉस डॅन रिपोर्ट तपासणारा माणूस शोधत होता, ज्याला चुका दिसतात असा. बेसबॉल येत नसलं तरी चालेल म्हणाला. त्याला हा माणूस मिळाला. 'मोजणीकाका' हे नाव मी ठेवलं. त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "बरं आहे. पेन्शनच्या कागदावर याच्यापेक्षा वाईट लिहिलं होतं."

अकरा वाजले की काका डबा उघडायचे. पोळी, भाजी आणि जवसाची चटणी. मग सगळ्या ऑफिसला एकेक घास. डॅनने पहिल्यांदा चटणी खाल्ली तेव्हा त्याचे कान लाल झाले, डोळ्यात पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी अकराला तो स्वतःच चमचा घेऊन उभा! काकांचं इंग्लिश एकदम साधं, पण डॅन त्यांना कधी मध्ये तोडायचा नाही. आम्हाला मात्र अर्ध्या वाक्यात तोडतो.

माझे रिपोर्ट काका मोठ्याने वाचायचे. मला ते अजिबात आवडायचं नाही. एका फील्डरबद्दल मी लिहिलं होतं, 'लेझी'. काका वाचता वाचता थांबले.

"आळशी? तू त्याच्या घरी राहायला होती का?"

"काका, तो बॉलमागे धावलाच नाही. बघा ना!"

"मग तेवढंच लिही. बॉलमागं धावला नाही. पाय दुखत असंल, कोचनं थांब म्हटलं असंल, नाहीतर असंल आळशी. तुला काय दिसलं तेवढं तुझं. बाकीचं त्याचं."

मी चिडून डिलीट केलं. नंतर कळलं की तो दुखऱ्या गुडघ्याने खेळत होता. मी काकांना सांगितलं नाही. म्हणजे, त्याच दिवशी नाही सांगितलं. चार दिवसांनी सांगितलं. ते फक्त "हाव" म्हणाले आणि चटणी पुढे केली.

आता तो डावखुरा. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कॅरिबियनमधल्या एका बेटावरून आलेला एकोणीस वर्षांचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. डाव्या हाताने टाकायचा, आणि शेवटच्या क्षणी आडवा वळणारा त्याचा बॉल हीच त्याची सगळी दौलत. जूनमध्ये त्याला एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये हलवलं आणि नव्या मैदानावर तो बॉल वळेचना. मी तीन मॅच बघितल्या. सरळ, सरळ, सरळ. मोठ्या मैदानांवर बॉलचं वळण मोजणारं मशीन असतं, पण इथलं दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे सगळी भिस्त आमच्या डोळ्यांवर. मी लिहिलं: वळण संपलंय, पुढे पस्तीस, सोडून द्यावा. डॅन म्हणाला, "क्रिस्प!" मी दिवसभर हवेत. पुढच्याच आठवड्यात क्लबने त्याला घरी पाठवलं.

काका दहातले दोन रिपोर्ट तपासायचे, आणि हा त्या दोनात आला नव्हता. पण त्यानंतर त्याच मैदानावरचा दुसऱ्या एकाचा रिपोर्ट त्यांच्याकडे गेला आणि ते दोन दिवस स्क्रीनसमोरून हललेच नाहीत. फाइलमधलं पारदर्शक प्लॅस्टिक फाडलं, स्क्रीनवर चिकटवलं, मार्करने रेघा मारत बसले. क्लीनर बाई मला हळूच विचारून गेली की तुझे अंकल ओके आहेत ना.

गुरुवारी दुपारी त्यांनी मला खुर्ची ओढायला सांगितली. "हे पाह्य. बॅट्समन उभा राहते तिथं दोन्ही बाजूंना चुन्याच्या चौकटी असतात. सारख्या मापाच्या. मे महिन्यात सारख्या दिसून राहिल्या. जूनमध्ये एक बारीक, एक जाड. का?"

"का?"

"मैदान तर हललं नाही. कॅमेरा हलला. आता तुझे मार्क पाह्य."

त्यांनी माझे रिपोर्ट हातातल्या वहीत दोन रांगांमध्ये उतरवले होते. जूननंतर त्या मैदानावर जितके डावखुरे खेळले ते सगळे माझ्या मते नापास, आणि जितके उजव्या हाताचे ते सगळे एकदम जादूगार.

"सगळे डावखुरे नालायक अन् सगळे उजवे हुशार," काका म्हणाले. "असं कुठं असते का, पोरी? असं दिसलं की समजायचं, खोट माणसांत नाही, मोजणाऱ्याजवळ आहे."

कॅमेरा बाजूला सरकला होता, त्यामुळे डावखुऱ्याचं वळण त्या तिरक्या नजरेत विरघळून जात होतं आणि उजव्यांचं उगाच मोठं दिसत होतं. एकोणीस रिपोर्ट होते. मी पटकन सिस्टीम उघडली, म्हटलं आत्ताच्या आत्ता दुरुस्त करून टाकते, कुणाला कळणार पण नाही. टाइप करत सुटले. काका बघत होते.

"अठराच दिसून राहिले," ते म्हणाले.

बरोबर होतं. ज्याला क्लब सोडतो त्याचं नाव सिस्टीममधून जातं. त्या डावखुऱ्याचं नाव आता फक्त काकांच्या वहीत होतं.

मी रडायलाच लागले, खोटं कशाला सांगू. माझा प्रोबेशनचा शेवटचा महिना होता. म्हटलं, काका, तुम्ही डॅनला सांगा ना, तुमचं ऐकेल तो. काकांनी पाणी दिलं आणि उमरेडकडच्या एका गावाची गोष्ट सांगितली. दोन भावांच्या बांधाचं भांडण. काका तेव्हा चोवीस वर्षांचे. त्यांनी शेत मोजलं, खुंट्या ठोकल्या, आणि परत आल्यावर लक्षात आलं की मोजायच्या लोखंडी साखळीची एक कडी ताणून लांब झालेली. धाकट्याची हातभर जमीन गेली होती. साहेब म्हणाले राहू दे, कोण बघतंय. काका दुसऱ्या दिवशी सायकलवर गेले आणि सगळ्या गावासमोर स्वतःची खुंटी स्वतः उपटली. "थोरल्या भावानं शिव्या दिल्या, धाकट्यानं बी दिल्या. पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं दोघांचं."

मी रडता रडता हसले.

"मी सांगितलं तर डॅन ऐकंल," ते म्हणाले. "पण खुंटी तू ठोकली. अन् आजच सांग. आज सांगितलं तर दुरुस्ती, महिन्यानं सांगितलं तर कबुली."

मी उठून डॅनला सांगितलं, आणि तीन वाजता क्लबच्या मार्सीबरोबर व्हिडिओ कॉल झाला. ह्या सगळ्या छोट्या टीम्स तीच बघते. मी इतकी भरभर बोलले की तिने दोनदा "स्लो डाउन, हनी" म्हटलं. शेजारी काका ते प्लॅस्टिक कॅमेऱ्यासमोर धरून बसलेले, उलटं! मार्सीने एका माणसाला मैदानावर पाठवलं. तासाभरात उत्तर आलं: नवा स्कोअरबोर्ड लावताना कॅमेरा दुसऱ्या खांबावर नेला होता, कुणी कळवलंच नाही.

"ओके," मार्सी म्हणाली, "बाकीचे अठरा पुन्हा करा. गुड कॅच."

मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात काका म्हणाले, "मॅडम, वन बॉय इज ॲट होम."

मार्सी म्हणाली त्याची जागा भरली, सॉरी, आता काही करता येणार नाही. काका म्हणाले, "आय ॲम चेकर. हाफ मिस्टेक इज माइन. प्लीज राइट डाउन हिज नेम." तिने लिहून घेतलं की नाही माहीत नाही. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं.

त्यानंतर दर सोमवारी काका मला एकच विचारायचे. "त्या पोराचं काय झालं?" गुड मॉर्निंग नाही, वीकेंड कसा गेला नाही, हेच! मी मार्सीला ईमेल करायचे. पहिल्या दोन ईमेलना उत्तर नाही. तिसऱ्याला एका ओळीचं, 'नोटेड'. मी म्हटलं, काका, आता ती मला ब्लॉक करेल. ते म्हणाले, "करू दे. मग पोस्टानं लिही." मी त्याचे मे महिन्यातले, जुन्या टीमच्या मैदानावरचे बॉल कापून एक व्हिडिओ केला. तेरा बॉल. तेराच्या तेरा असे वळत होते की डॅन स्क्रीनजवळ येऊन "ओह नो" म्हणाला आणि त्याने स्वतः तो मार्सीला पाठवला.

ऑक्टोबरमध्ये काका गेले. म्हणजे नागपूरला परत गेले. इथे ते दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये वंदना झाल्यावर मुलांना गणित शिकवायचे. आता तिकडच्या वस्तीतल्या विहाराने अभ्यासिका काढली होती, तिथे त्यांना बोलावलं. काकू म्हणाल्या, "चला, तिथं मोजायला भिंती तरी नव्या मिळतील." शेवटच्या दिवशी डॅनने केक आणला, भाषण करा म्हणून आग्रह केला. काका उभे राहिले, "थँक यू, केक इज अनइक्वल," म्हणून बसले. मग सगळ्यांचे तुकडे त्यांनीच नीट कापून दिले. जाताना मला ती वही दिली. मी वाकून नमस्कार करायला गेले तर हात धरून उभं केलं. "वाकायचं नाही. सोमवारी ईमेल करायचा."

केले ना! नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. एकही सोमवार सोडला नाही. मध्ये एकदा मलाच वाटलं, पुरे आता, तो कदाचित कुठे दुकानात नोकरी करत असेल, बेसबॉल सोडलंही असेल. त्या दिवशी वही उघडली. त्यात त्याच्या नावापुढे काकांनी आजचा आकडा लिहिला होता, मेमधल्या व्हिडिओवरून, पन्नास. पुढचा आकडा लिहिलाच नव्हता. नुसती मोकळी जागा. मी ईमेल पाठवला.

फेब्रुवारीत मार्सीचं उत्तर आलं. त्याला स्प्रिंगमध्ये आठवडाभर ट्रायलला बोलावतोय, प्रॉमिस काही नाही. मार्चमध्ये दुसरं आलं. मशीन दुरुस्त झालंय, बॉल वळतोय, सगळ्यात खालच्या टीममध्ये ठेवतोय. मी ऑफिसात इतक्या जोरात ओरडले की डॅनच्या हातातला चहा सांडला. आणि खाली एक ओळ होती: तो विचारतोय, त्याला कुणी शोधून काढलं. काय सांगू?

मी लगेच नागपूरला फोन लावला. मागे पोरांचा गलका, पाढे चालले होते.

"काका, तुमचं नाव सांगू ना?"

"काऊन? माझं काय काम?"

"मग काय सांगू?"

काका म्हणाले, "सांग, जिनं हरवला होता, तिनंच शोधला."

मला ते लिहायला भीती वाटली. त्याला कशाला कळायला हवं की त्याचं वर्ष माझ्यामुळे वाया गेलं? पण तसंच्या तसं इंग्लिशमध्ये लिहिलं आणि डोळे मिटून सेंड केलं.

संध्याकाळी मार्सीचं उत्तर आलं. तिने त्याला वाचून दाखवलं होतं. तो हसला म्हणे. मग म्हणाला, तिला सांगा, मंगळवारी मी टाकतोय. बघ म्हणावं.