विस्टिन धूरवाल्याचे बार

विस्टिन धूरवाल्याला फुटबॉलचा तिटकारा होता आणि तो लपवण्याइतका सभ्यपणा त्याच्यात नव्हता. माल्टातल्या हाल बुस्ती गावाच्या चौकात, संत लेओनार्दूच्या देवळासमोरच्या बाकावर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "बावीस बाप्ये चड्ड्या घालून एका चामड्याच्या मागे पळतात. माझे बोकडसुद्धा इतके रिकामटेकडे नाहीत." बोकड त्याच्याकडे नव्हते. पण तुच्छतेने बोलायचं म्हटलं की विस्टिन असल्या तपशिलात अडकत नसे.

दिवसभर तो खाणीत पिवळा दगड कापायचा. ते पोटासाठी. खरा विस्टिन सापडायचा तो गावाबाहेरच्या शेतात, शोभेच्या दारूच्या खोलीत. तिथे तो संताच्या सणाचे बार भरायचा. हे काम त्याच्या आजोबांनी केलं, बापाने केलं, म्हणून घराण्याचं नावच धूरवाले पडलं. सणाच्या दुपारी आभाळात बार फुटायला लागले की शेजारच्या गावांची तोंडं वाकडी होत, आणि त्या वाकड्या तोंडांवर विस्टिन वर्षभर जगायचा.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा गोलकीपर निघाला. नेनू लहानपणापासून बापाच्या हाताखाली कागदाच्या नळ्या वळायला शिकला होता, पण चेंडू हातात आला आणि नळ्या सुटल्या. गेली तीन वर्षं त्याने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. विस्टिनच्या लेखी मुलगा वाया गेला होता. एखादा दारुडा निघाला असता तरी त्याने इतकं मनाला लावून घेतलं नसतं.

त्यात त्या वसंतात हाल बुस्तीने माल्टाचा कप जिंकला. म्हणजे आता हा गावठी संघ युरोपभरच्या कपविजेत्यांच्या स्पर्धेत जाणार! क्लबचा अध्यक्ष सूर फोन्स हा गावचा वकील. चेंडू गोल असतो, यापलीकडे त्याला खेळातलं काही कळत नसे. त्याने चौकात खुर्चीवर चढून भाषण ठोकलं, "बंधूंनो, हाल बुस्ती युरोपात पोहोचली!"

"मग इतके दिवस काय आफ्रिकेत होती?" विस्टिन बाकावरून ओरडला. लोक हसले. अध्यक्ष खुर्चीवरून उतरला.

सोडत निघाली. पहिल्याच फेरीत नॉर्वेच्या कुठल्याशा बंदरगावचा संघ. एक सामना तिकडे, एक इकडे, आणि हरेल तो घरी. त्या रविवारी जेवताना विस्टिनने सशाच्या रश्श्यात पाव बुडवता बुडवता विषय काढला.

"माझ्यानंतर खोलीला कुलूप लागणार. लाज वाटते का रे तुला?"

"बाबा, पुरे आता." नेनूने चमचा ठेवला. "रोज उठून तेच. ऐका, या फेरीत हरलो तर हातमोजे खुंटीला. सोमवारपासून तुमच्या खोलीत, कायमचा. पण जिंकलो तर हा विषय पुन्हा तोंडातून काढायचा नाही."

"शपथ?"

"संत लेओनार्दूची."

"शपथा कसल्या घेताय जेवणावर!" जीझा, विस्टिनची बायको, करवादली. पण दुसऱ्या दिवशी पावाच्या भट्टीवर ही गोष्ट सगळ्या गावाला सांगणारीही तीच.

विस्टिन खूश झाला. ही चड्डीवाली पोरं युरोपात जिंकणार? त्याने खोलीत मुलासाठी एक बाक झटकून ठेवलं.

पण नॉर्वेत सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. नेनूने पेनल्टी अडवली होती. परक्या मैदानावर केलेला गोल जड धरतात, त्यामुळे आता इथे नुसती शून्य-शून्य बरोबरी झाली तरी हाल बुस्ती पुढे जाणार होती. गावाला वेड लागायचं बाकी होतं, तेही लागलं. सूर फोन्स विस्टिनच्या दारात आला.

"शेवटची शिट्टी झाली की बार उडायला हवेत. मैदानाच्या भिंतीमागे पडीक जागा आहे."

"दारू संतासाठी असते. चड्ड्यांसाठी नाही."

"बरं. मग शेजारच्या गावाला विचारतो."

विस्टिनचा चेहरा आंबला. परक्या गावाची दारू आपल्या संताच्या नावाने फुटायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. हे सूर फोन्सला पक्कं ठाऊक होतं. वकिलाला तेवढंच येतं.

"आणतो," विस्टिन गुरगुरला.

"भिंतीवर माणूस उभा करतो. तो तुम्हाला खूण करील."

"मला खूण? मूर्ती देवळाच्या दारातून बाहेर पडते तेव्हा मला कोण खूण करतं? घंटेचा पहिला टोल पडला की बार वर. तीस वर्षं मी कानाने बार उडवतोय. तुमची शेवटची शिट्टी कशी असते तेवढं सांगा."

"लांबलचक," अध्यक्षाने सांगितलं. त्यालाही तेवढंच ठाऊक होतं.

सामन्याच्या दुपारी विस्टिन भिंतीमागे लोखंडी नळ्या पुरून, बार भरून बसला. बरोबर टोमॅटो चोळलेला पाव. कंटाळायचं असं ठरवूनच तो आला होता. शिट्ट्या वाजत, लोक बोंबलत, आणि तो आपला तोंड वाकडं करून बसलेला. "मूर्ख," तो अधूनमधून म्हणे, कुणा एकाला असं नाही.

मग भिंतीपलीकडून एकदम ओरडा आला, "शाब्बास रे धूरवाल्या!" विस्टिन दचकला. त्याला वाटलं, आपल्यालाच हाक मारली. मग कळलं की नेनूने काहीतरी अडवलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. हजारो माणसं त्याच्या घराण्याचं नाव घेत होती, आणि त्यात दारूचा कणही नव्हता. त्याचा पाव तसाच राहिला. तो उभा राहून भिंतीला कान लावायला लागला. त्याला ते जिंकायला हवे होते. ते जिंकले की मुलगा कायमचा गेला, हे माहीत असूनही हवे होते. स्वतःचा असा राग त्याला जन्मात आला नव्हता.

शेवटी लोक तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत पंचाला घाई करायला लागले. आणि मग पंचाची शिट्टी. लांबलचक. विस्टिनने वातीला विस्तव लावला.

ती शिट्टी फाऊलची होती. नॉर्वेला फ्री किक. पण आभाळात बार फुटले, आणि हाल बुस्तीच्या माणसाला बार म्हणजे काय ते जन्मापासून ठाऊक. खेळाडूंनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बापाचे बार, म्हणजे सामना संपला, यात नेनूला काय शंका? तो गोल सोडून पुढे येऊन, गुडघ्यावर बसून छातीवर क्रूस काढत होता. उन्हाने लालबुंद झालेल्या एका नॉर्वेवाल्याने चेंडू ठेवला आणि रिकाम्या गोलात मारला. पंचाने गोल दिला. मिनिटभरात खरी शेवटची शिट्टी वाजली, तेव्हा भिंतीपलीकडे कुणी ब्रही काढत नव्हतं.

गावाने दुसऱ्याच दिवशी निकाल लावून टाकला. पैजेची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. धूरवाल्याने मुद्दाम केलं, मुलगा परत मिळवायला केलं! निम्मे त्याच्या सावलीवर थुंकले. उरलेले बाकावर येऊन त्याची पाठ थोपटून गेले. "डोकं चालवलंस, विस्टिन!" हे दुसरे जास्त नीच. आणि विस्टिन गप्प राहिला. लबाड म्हणवून घेणं त्याला परवडत होतं. आपल्याला एक शिट्टी ओळखता आली नाही, हे सांगणं परवडत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी नेनू शेतात आला. ठिणगी नको म्हणून खिळ्यांचे बूट त्याने दाराबाहेर काढले आणि बाकावर बसून कागद ओढला.

"किती नळ्या?"

"मला काही विचारायचं नाही तुला?"

"काय विचारू? जिंकलात की तुम्ही."

विस्टिनने दारू ठासायची काठी खाली ठेवली. "मला वाटलं, संपलं."

"तुम्हाला? कानाने बार उडवणाऱ्याला?"

"तुमच्या शिट्ट्यांतलं मला काही कळत नाही. लोक तुझं नाव ओरडत होते. वाटलं, जिंकलास. आनंद झाला मला, गाढवा!"

नेनू हसला. बाप चौकात हसायचा, अगदी तसंच. "आनंद! बावीस चड्ड्यांचा? बाबा, हे गावात बोलू नका. लबाड म्हणतात तेच बरं आहे."

विस्टिनने त्याच्या हातातला कागद काढून घेतला. "चालता हो. असं तोंड घेऊन दारू भरतात का? दोघांना उडवशील."

"आणि शपथ?"

"ती माझ्या डोक्यावर. संताशी मी बघून घेतो. जा तू, गोल खा."

नेनूने बाहेर जाऊन बूट घातले. नाड्या बांधताना त्याची नजर खोलीच्या मागच्या फळ्यांवर गेली. फळ्या रिकाम्या होत्या.

"सणाचे बार कुठायत?"

विस्टिन हातातला कागद नीट करत राहिला.

"सूर फोन्सने किती मागितले होते?"

"सहा."

"आणि तुम्ही?"

"सगळे नेले," विस्टिन म्हणाला. "सगळे लावले."

संताचे, वर्षभर खपून भरलेले बार लबाडीपायी कोण जाळतो? हे हाल बुस्तीत दुसऱ्या कुणाला नाही, तरी धूरवाल्याच्या पोराला कळत होतं. मग त्याने नाड्या सोडल्या, बूट काढले आणि आत येऊन बापाच्या हातातला कागद परत घेतला.

"गुरुवारी मात्र माझा सराव असतो," तो म्हणाला.

"गुरुवारी मला तुझं तोंडही बघायचं नाही," विस्टिन म्हणाला.