हॉयट लँगस्टनने दिलेली पिशवी

हॉयटबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. गावात लिहिणारे आहेत, पण ते सगळे समितीच्या मेजवानीला जातात, म्हणजे ते लिहिणार नाहीत. मी त्याचा मेहुणा, कुंपणापलीकडे राहतो. मला जमेल तसं सांगतो.

हॉयट विहिरींचे पंप दुरुस्त करतो. आमच्या ड्राय क्रीकमध्ये वर्ष संपता संपता फुटबॉलचा एक मोठा सामना होतो, पिकन बोल. अशा आमंत्रणाच्या सामन्यांना बोल म्हणतात, आणि पिकन म्हणजे अक्रोडासारखं कवचाचं फळ. त्यात खेळायला दोन कॉलेजांचे संघ बोलावतात. एक जागा लांबच्या राज्यातल्या संघाला जाते; भांडण होतं ते आमच्या भागातल्या संघाच्या जागेवर. कुणाला बोलवायचं हे गावातली समिती ठरवते. समितीवाले तपकिरी कोट घालतात, पिकनच्या टरफलाच्या रंगाचा, छातीवर सोनेरी पिकन भरलेला. हॉयटला तो कोट तरुणपणीच मिळाला, कारण गावातलं सगळ्यात जुनं पिकनचं झाड त्याच्या परसात आहे.

रीत अशी, की संघ पसंत पडला की हॉयटने आपल्या झाडाच्या पिकनची पिशवी घेऊन त्यांच्या खोलीत जायचं. कर्णधाराने दोन पिकन मुठीत धरून एकमेकांवर दाबून फोडायचे, कारण एकटा पिकन मुठीत फुटत नाही. आवाज झाला की टाळ्या. कर्णधाराने ते खाल्ले, की आमंत्रण घेतलं. कागद मागाहून येतो, तो कुणी वाचत नाही.

सहा सामने जिंकलेला कुठलाही संघ चालतो. मोठ्या शहरांचे बोल आधी आपापले संघ उचलतात, उरलेल्यांतून आम्ही. म्हणून शरद ऋतूत दर शनिवारी कोटवाले गावोगावचे सामने बघायला जातात. बघायला म्हणजे काय? मैदानाकडे पाठ करून दुर्बिणीतून प्रेक्षक बघतात. किती लोक आलेत, किती लांबून आलेत, आपल्या गावात येऊन हॉटेलात राहतील का. हॉयट एकटा खेळ बघायचा. बाकीचे त्याला हसायचे.

त्या वर्षी हार्लन रिज नावाच्या लहान कॉलेजने नऊ सामने जिंकले. कापडगिरणी बंद पडलेलं गाव. त्यांना आजवर कुठल्याही बोलने बोलावलेलं नव्हतं. समितीचा अध्यक्ष ग्रेडी पुलियम, त्याची गावात दोन हॉटेलं. तोच हॉयटला म्हणाला, "दे त्यांना पिशवी. माँटेग्यू विद्यापीठ काही आपल्यापर्यंत खाली येत नाही. तिथली गर्दी कुणीतरी वरच्यावर उचलणार."

"नक्की ना? पिशवी दिली की दिली."

"अरे, मी सांगतोय ना तुला!"

हॉयटने पिशवी नेली. मीही गेलो होतो. डेस्मंड टिलरी म्हणून त्यांचा कर्णधार, दाराएवढा रुंद. त्याने पिकन असे फोडले की टरफल उडून कोचच्या कॉफीत पडलं. पोरं ओरडली, एक-दोघं रडली. परतताना हॉयट गाडीत गात होता. त्याला गाता येत नाही.

मग डिसेंबरातल्या रविवारी, जेव्हा सगळे बोल आपले संघ जाहीर करतात, तेव्हा वरच्या एका बोलने माँटेग्यूला टाळलं आणि तो संघ आमच्यासाठी उरला. कसेबसे सहा सामने जिंकलेला संघ, पण लोक हजारोंनी त्याच्यामागे गावोगाव जातात. दुपारी बँकेच्या मागच्या दालनात समिती बसली. कोटवाल्याबरोबर एक पाहुणा चालतो, म्हणून मी भिंतीशी होतो.

ग्रेडी म्हणाला, "देवच पावला, मंडळी. माँटेग्यू."

"जागा दिलेली आहे," हॉयट म्हणाला.

"कुणी दिली?"

"तू सांगितलंस, मी दिली. पोराने पिकन खाल्ले, ग्रेडी!"

"पिकनच खाल्ले ना? करार नाही खाल्ला." सगळे हसले. "हॉयटभाऊ, त्या गिरणीवाल्यांची दोन बसभर माणसं येतील, घरून डबे आणतील आणि त्याच रात्री परत जातील. माझ्या खोल्यांत काय भुतं झोपवू?"

"नऊ सामने जिंकलेत ते. माँटेग्यूला हरवलंय त्यांनी!"

"खेळ कुणी बघतंय का इथे?"

हे तो हसत म्हणाला नाही. खरंच विचारत होता. मत घेतलं, हॉयटचा एकच हात वर राहिला. ग्रेडीने फोन पुढे सरकवला. "पिशवी तू दिलीस, तूच कळव."

"फोनवर नाही," हॉयट म्हणाला. "तोंड दाखवायला जातो. तुमच्यापैकी कोण येतंय?"

कुणी उठलं नाही. सगळ्यांना एकदम कॉफीची आठवण झाली.

आम्ही पोचलो तेव्हा हार्लन रिजच्या व्यायामशाळेत बातमी आधीच टीव्हीवरून आली होती. भिंतीवर पोरांनी कागदाचे पिकन चिकटवले होते. डेस्मंड पुढे आला.

"मिस्टर हॉयट, पिशवी परत न्यायला आलात? आम्ही सगळे खाल्ले. आता कसे देऊ?"

"परत मागायला नाही आलो रे. शिव्या खायला आलोय."

"आमच्यात म्हाताऱ्या माणसांना शिव्या देत नाहीत, सर," डेस्मंड म्हणाला. "नाहीतर दिल्या असत्या."

हॉयट मान हलवून तिथेच उभा राहिला, पोरांनी दिवे बंद करेपर्यंत. परतीच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या आठवड्यात ग्रेडी त्याच्या परसात आला. "माँटेग्यूचा स्वागताचा कार्यक्रम आहे. पिशवी भरून ठेव."

"झाडाखाली पडले ते डुकरांना घातलेत."

"सगळे?"

"डुकरं दिलेलं परत काढून घेत नाहीत. त्यांना द्यायला बरं वाटतं."

"कोट परत करावा लागेल, हॉयट."

"ये की काढायला!" हॉयटच्या हातात पंपाचा मोठा पाना होता. ग्रेडी गाडीत बसला.

शेवटी ग्रेडीने दुकानातून सोललेले पिकन आणले. माँटेग्यूच्या कर्णधाराने गप्पा मारता मारता मूठभर तोंडात टाकले. फुटायला काही नव्हतंच, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या ते लोकांना कळेना. माँटेग्यूचे लोक मात्र हजारोंनी आले. हॉटेलं भरली, ग्रेडीने अंगणातसुद्धा खाटा टाकल्या. त्याचं म्हणणं खरं ठरलं, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते. तो हरला असता तर मी हे लिहिलंही नसतं.

कोट हॉयटने आजपर्यंत दिलेला नाही. पंपाच्या खड्ड्यात उतरताना तो हाच कोट घालतो. छातीवरचा सोनेरी पिकन चिखलाने आणि ग्रीसने काळा झालाय. मागच्या महिन्यात ग्रेडीच्या हॉटेलचा पंप बंद पडला आणि हॉयटशिवाय तो कुणाला उघडता येईना. हॉयट पाहुण्यांच्या पुढच्या दारानेच आत गेला, तोच कोट घालून.