हळदीचा बनियन

जठारपेठेत फुलं विकणारी माणिकबाई माझी शेजारीण. तिचा मुलगा चंदन लग्नानंतर महिनाभरातच तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला.

तेरवी झाली की घरातले सगळे कपडे धुवायचे, ही आमच्याकडची रीत. माणिकबाई कुणालाच हात लावू देईना. धुता धुता चंदनचा हळदीचा बनियन तिच्या हाती आला. साबण लागला आणि पिवळे डाग लालभडक झाले. जन्मभर हळदीचे डाग धुतलेल्या बाईला हे नवं नव्हतं, पण त्या दिवशी तिला रक्तच दिसलं.

तिची किंकाळी ऐकून मी धावले. "काई नाई वं, हळद हाये ते," म्हणत बायका तिच्या हातातून बनियन ओढत होत्या. मला असा संताप आला! सगळ्यांना बाजूला सारलं आणि घरातून लिंबू आणून डागावर पिळलं. लाल डाग पुन्हा पिवळा झाला.

"साबणात आम्लारी असते काकू, त्यानं हळद लाल होते. लिंबातलं आम्ल लागलं की परत पिवळी." शाळेत विज्ञान शिकवते मी, तशीच बोलले.

तिचं रडणं थांबलं. मला वाटलं, समजलं तिला. ती उठून आत गेली आणि दवाखान्यातून मिळालेली पिशवी घेऊन आली. चंदननं शेवटच्या दिवशी घातलेला शर्ट तिनं माझ्यापुढे पसरला.

"याच्यावर बी पिळ ना वं, पोरी."