लाल फिनॉल

"फिनॉलचं काम हिला द्या. हिला वासाची सवय आहे."

मॅडम हे अख्ख्या वर्गासमोर बोलल्या. नाशिकच्या आमच्या कॉलेजात, एम.एस्सी.च्या पहिल्याच प्रॅक्टिकलला. पेशींतून डीएनए काढायचा होता आणि त्यासाठी लागणारी बकऱ्याची कलेजी मीच आणली होती. मॅडमनीच सांगितलं होतं, तुझ्या घरचंच तर आहे. मनमाडला अब्बांचं मटणाचं दुकान आहे. पोरीच्या कॉलेजात जाणार म्हणून त्यांनी ताज्यातली ताजी कलेजी निवडली, पुन्हा पुन्हा धुतली, बर्फात घालून डब्यात बंद करून दिली. गाडीत तो डबा मी मांडीवर धरून बसले होते.

मॅडमनी तो दोन बोटांनी सरकवला. "आज घरी गेल्यावर डोक्यावरून आंघोळ," म्हणाल्या. वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

डीएनए काढायच्या दोन तऱ्हा आमच्याकडे होत्या. एक तयार किट. छोट्या नळ्या, वास नाही, चटका नाही. दुसरी जुनी, फिनॉल या रसायनाची. डोकं भणाणतं, आणि सांडलं तर कातडी पांढरी पडून जळते. किट कुलूपबंद फ्रिजमध्ये. किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. कुलूप कोणासाठी उघडायचं ते आडनाव बघून ठरायचं. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता.

माझ्या प्रबंधाला मार्गदर्शक मॅडमच होत्या. विषय होता, एका वनस्पतीच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात का, आणि कशा मरतात. पेशी ठरल्यासारखी, स्वतःचं आवरून मरते, नाहीतर मार बसून फुटते. निळा रंग घातला की मेलेली पेशी निळी होते. कशी मेली, ते रंग सांगत नाही. त्यासाठी वेगळं किट लागतं. मी मागितलं.

"तुला निळा रंग पुरे," मॅडम म्हणाल्या.

मग एकच वाट उरली. मेलेल्या पेशींचा डीएनए काढून जेलवर चालवायचा, म्हणजे विजेने जेलीच्या थरातून सरकवायचा, की लहानमोठे तुकडे वेगळे होतात. आपणहून मेलेल्या पेशीचा डीएनए ठराविक अंतरावर तुटतो, जेलवर शिडी दिसते. फुटून मेलेलीचा नुसता फराटा. मी फिनॉलची बाटली काढली, तर आतला द्रव लाल. चांगलं फिनॉल पाण्यासारखं असतं. लाल झालं की ते खराब, डीएनए तेच तोडून टाकतं. बाटली घेऊन मी मॅडमकडे गेले.

"मॅडम, हे लाल झालंय."

"वापर गं. मेलेल्या पेशींना काय फरक पडतो?"

वापरलं. फराटा आला. पुन्हा केलं, पुन्हा फराटा. अर्काने तोडलं की फिनॉलने, कुणालाच सांगता येईना. शेजारच्या टेबलावरची गौरी हळूच म्हणाली, "माझ्या किटमधल्या दोन नळ्या घे ना. मॅडमना नाही कळणार." चांगली मुलगी. पण मला चोरून नको होतं. तिच्याइतकंच समोरून हवं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी विचारलं, "हीच पद्धत का निवडली?"

उत्तर आम्हाला पढवलेलं होतं. सोपी आहे, परवडते. मॅडम माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, बोल म्हणून. मला तो डबा आठवला.

"मी निवडली नाही, सर. किट कुलपात होतं. लाल झालेलं फिनॉल मला दिलं."

परीक्षक चष्मा पुसत राहिले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थी आपली पद्धत स्वतः निवडतो." परीक्षकांनी मान डोलावली आणि पान उलटलं. बस, एवढंच झालं. माझ्या बाजूने कुणी उठलं नाही. गौरी खाली बघत होती.

मॅडमकडून प्रबंध परत आला. अट एकच. त्यात एक वाक्य घालायचं, 'रसायनांची व पद्धतीची निवड मी स्वतः केली.' घातलं की मॅडमची सही, सही झाली की पदवी. विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी चहा पाजला आणि मॅडमशी जमवून घे म्हणाले. बरोबरीचे सगळे नोकरीला लागले. मी मनमाडला घरी बसून आहे.

"लिहून टाक ना बेटा," अब्बा म्हणाले. "एकच तर लाइन आहे."

तेव्हा मी त्यांना डब्याचं सांगितलं. दोन बोटांचं, आंघोळीचं, हसण्याचं. ते म्हणाले, "डबा धुतलेला होता, बेटा." त्यांना वाटलं, चूक डब्याचीच असणार.

यंदा नवी बॅच आली. कॉलेजातून फोन आला, कलेजी पाठवाल का. फोन मी घेतला आणि नाही म्हणाले.

त्यांना कलेजी दुसरीकडून मिळेल. फिनॉल हुंगायलाही दुसरी कुणीतरी मिळेल. मला पदवी मिळणार नाही, हे मला स्वच्छ दिसतंय. तरी ते वाक्य मी लिहिणार नाही. लाल बाटली मला दिली होती. ती मी निवडली, असं माझ्या अक्षरात कुणालाही सापडणार नाही.